भिंगरीच्या पोटातले बिऱ्हाड

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही. सुईच्या टोकावर माझे शेकडो भाऊबंद आरामात मांडी घालून बसतील, एवढा मी लहान. मी एका मुलीच्या मोठ्या आतड्यात राहणारा जुना जंतू आहे. जंतू म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझी हकिकत तेवढी ऐकून घ्या, कारण ती सांगायला माझ्याकडे आता थोडाच वेळ उरला आहे.

त्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी बसणे तिला ठाऊकच नव्हते. तिची आई शिवणकाम करते आणि वडील औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांना औषधे काढून देतात. भिंगरी वरचे अन्न खाऊ लागली, त्या दिवसांत मी आईच्या बोटांवरून तिच्या तोंडात गेलो आणि गडगडत खाली येऊन पोहोचलो. अंधार, ऊब आणि भरपूर शेजार! मला जागा आवडली. आम्ही जंतू एकाचे दोन आणि दोनाचे चार होत जगतो. म्हणून मी 'मी' म्हणतो, तेव्हा त्यात माझे आजे-पणजेही आले असे समजा.

भिंगरीला जे पचत नाही ते माझे जेवण. भाजीचे देठ, डाळीची साले, फळांचा चोथा. ते खाऊन मी एक आंबट रस तयार करतो आणि आतड्याच्या भिंतीतल्या पेशी त्या रसावर पोसल्या जातात. भिंतीवर एक बुळबुळीत थर असतो. भिंत धडधाकट असली की तो जाड राहतो आणि आमच्यातले दांडगट लोक भिंतीपासून दूर राहतात. भिंतीपलीकडे शरीराचे पहारेकरी असतात. माझ्या रसाचा वास आला की 'आत सगळे ठीक आहे' असे समजून ते शांत राहतात. अशी पाच-सहा वर्षे गेली. आमचे भांडण कोणाशीच नव्हते.

माझी स्तुती आयुष्यात एकदाच झाली. भिंगरी शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, बाई म्हणाल्या, पोटात चांगले जंतूपण असतात."

वडील हसले. "चांगला जंतू म्हणजे प्रामाणिक चोर! तुझ्या बाईंना म्हणावं, एक दिवस आमच्या दुकानात येऊन बसा."

त्यांचेही चुकले असे कसे म्हणू? दिवसभर ते जंतू मारायच्या गोळ्याच विकत होते. दुकानात गिऱ्हाइकाला हव्या तेवढ्याच गोळ्या पट्टीतून कापून देत. मागे जो तुकडा राही, त्यावर औषधाचे नाव नसे आणि तारीखही नसे. असा तुकडा विकता येत नाही. पण वडील रंगावरून आणि आकारावरून गोळी ओळखत आणि ते तुकडे घरी आणून बिस्किटांच्या डब्यात ठेवत. भिंगरी दोनदा शिंकली की डबा उघडलाच.

"अहो, डॉक्टरांना विचारा तरी," आई म्हणायची.

"डॉक्टर काय देणार? हेच. आणि काढून कोण देणार? मीच."

तीन दिवस गोळ्या, नाक वाहायचे थांबले की बंद. मित्रांनो, साधी सर्दी ज्यांच्यामुळे होते, त्यांना त्या गोळ्यांनी काही होत नाही. आम्हाला होते. पहिल्या वेळी आमची अर्धी वस्ती गेली. उरलेल्यांनी हळूहळू पुन्हा घरे मांडली. दुसऱ्या वेळी माझे जवळचे शेजारी गेले ते परतलेच नाहीत. भिंगरीला अकरावे लागेपर्यंत हे किती वेळा झाले, ते मी मोजायचे सोडून दिले होते. मोकळ्या जागांवर दांडगटांनी बस्तान बसवले.

रस कमी पडू लागला. भिंत उपाशी राहिली, थर पातळ झाला आणि दांडगट थेट भिंतीला जाऊन भिडले. पहारेकरी खडबडून जागे झाले, ते पुन्हा शांत झालेच नाहीत. शत्रू कोण आणि घरचा कोण, हे त्यांना कळेना. ते घराच्याच भिंतीवर काठ्या चालवू लागले. भिंतीला जखमा झाल्या.

रक्त भिंगरीला प्रथम शाळेच्या शौचालयात दिसले. तिने भराभर पाणी ओतले आणि वर्गात जाऊन बसली. असे रक्त कोणाला कसे दाखवायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे? तिने चार महिने कोणालाच सांगितले नाही. पोटात कळ आली की ओठ चावायची. आईने तिच्या स्कर्टची कंबर तीनदा आत घेतली.

"काय गं, खातेस की खिडकीतून टाकतेस?"

"अगं आई, धावते ना मी! धावणारे बारीकच असतात."

मग एके दिवशी मैदानावर ती मध्येच खाली बसली, ती उठलीच नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने आतडे पाहिले. लख्ख उजेडात मीही प्रथमच माझे घर पाहिले. सगळीकडे लाल आणि सोललेले. आतड्याला कायमची सूज आणणारा आजार आहे, असे बाई म्हणाल्या. पहारेकऱ्यांना आवरायची औषधे सुरू झाली. त्या औषधांनी भिंगरीचा चेहरा सुजला. वर्गातली मुले तिला फुगा म्हणू लागली. चार दिवस बरे जायचे, की पुन्हा रक्त. आईने कुठून तरी चांगल्या जंतूंची पूड आणली. ते पाहुणे आले, इकडेतिकडे पाहिले आणि दोन दिवसांत निघून गेले. पडक्या घरात कोण राहणार? मीही जमेल तेवढा रस करत राहिलो. एकट्याच्या ओंजळीने तळे भरत नाही. सुयांनी द्यायचे भारी औषधही हरले. शेवटी बाई म्हणाल्या, "मोठं आतडं काढावं लागेल. पूर्ण. त्याशिवाय ती वाचणार नाही."

वडिलांनी विचारले, "माझ्या गोळ्यांमुळे झालं का हो?"

"नक्की सांगता येत नाही. या आजाराची कारणं बरीच असतात. हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही."

औषधे काढून देणारे ते हात मांडीखाली दाबून वडील बाकावर बसून राहिले.

मित्रांनो, मी कोणालाच दोष देत नाही. माझ्या सांगण्याचा भिंगरीला आता उपयोग नाही. तुम्हाला झाला तर पाहा. घरात उरलेली गोळी स्वतःच्या मनाने गिळू नका, आणि डॉक्टरांनी दिलेली मध्येच सोडू नका. शौचाला रक्त दिसले तर त्याच दिवशी घरी सांगा. शब्द सापडले नाहीत तर हाताला धरून नेऊन दाखवा. तिने लवकर सांगितले असते तर आम्ही वाचलो असतो का? तेही मला ठाऊक नाही.

आज सकाळी तिला चाकांच्या खाटेवरून नेत आहेत. आई उशाशी आहे, वडील बाजूने चालत आहेत.

"बाबा, आतडं परत वाढतं का? नखासारखं?"

"नाही गं, बाळा."

"मग थोडं तरी ठेवायला सांगा ना."

वडिलांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मोठे दार आले आणि आईवडिलांना तिथेच थांबवले. आत जाता जाता भिंगरीने पोटावर हात ठेवला, बरोबर माझ्या जागी.

"बाई, आज दुखत नाहीये," ती म्हणाली. "खरंच. बरं झालंय बहुतेक. आज नको ना."

थोड्या वेळापूर्वी दिलेल्या इंजेक्शनने दुखणे थांबले होते. ते तिला कोणी सांगितले नाही. दार लागले.