सोफुसचं पथ्य

डेन्मार्कातल्या या बेटावर माणसं ब्याण्णव, आणि सोफुसचे लाड करणारीही ब्याण्णवच. युट्टे एकवीस वर्षं इथे टपाल वाटत होती. त्यातली शेवटची सात वर्षं हा कुत्रा तिच्या तीनचाकी सायकलीशेजारून धावत होता. अंगाने पांढरा, पाठीवर तपकिरी ठिगळं, आणि कालपासून आपल्याला कोणी काही घातलंच नाही असा चेहरा. पत्र असो वा नसो, दारं उघडायची ती त्याच्यासाठी. कुठे काळ्या पावावर डुकराची लिव्हरपेस्ट, कुठे चीजची कड, कुठे सॉसेजचं टोक.

मार्चमध्ये तो लंगडायला लागला. सायकल थांबली की बसकण मारायचा आणि पंजा तोंडात धरून चाटत राहायचा. बोटांमधले पांढरे केस चाटून चाटून गंजल्यासारखे तांबूस झाले होते. खालची कातडी लालबुंद, ओलसर, आणि तिला आंबलेल्या पिठाचा वास. काखेत आणि पोटावर पुरळ. धक्क्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ लागलं असेल, असं युट्टेला वाटलं. तिने त्याला आपले जुने लोकरी मोजे चढवले. सोफुसने संध्याकाळपर्यंत त्यांच्या चिंध्या केल्या.

शेवटी फेरीबोटीने डॉक्टर सिग्ने आली. तिशीची, उंच, आल्या आल्या स्वयंपाकघराच्या फरशीवरच मांडी घालून बसली. एकेक बोट फाकवून बघितलं, कातडीला चिकटपट्टी लावून काढली, पिशवीतल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"मीठ नाही हे," ती म्हणाली. "त्याला खाण्यातलं काहीतरी मानवत नाहीये, असं दिसतंय."

"काय मानवत नाहीये?"

"तेच शोधायचंय. आठ आठवडे फक्त हरणाचं मांस आणि उकडलेले बटाटे. बाकी एक कणसुद्धा नाही. चिघळलंय त्यावर मलम देते. फिरून आलात की पंजे धुवायचे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. ओल राहिली की पुन्हा चिघळणार."

"आणि ही गावातली माणसं?"

"त्यांचं तुम्ही बघा. मी फक्त जनावरांची डॉक्टर आहे."

युट्टेने दुसऱ्याच दिवशी घरोघर चिठ्ठ्या टाकल्या: सोफुस पथ्यावर आहे, त्याला काहीही देऊ नये. फेरीबोटीचा निवृत्त कप्तान आक्सेल चिठ्ठी हातात घेऊन फाटकाशी उभा होता.

"काहीही म्हणजे चीजपण का?"

"चीजपण."

"बिचारा," आक्सेल म्हणाला. त्याने कुत्र्याकडे पाहिलं, कुत्र्याने त्याच्याकडे. त्या नजरेत युट्टेला काही धड दिसलं नाही.

पाच आठवडे झाले. मलमाने चिघळणं थांबलं, पण चाटणं काही थांबेना. फोनवर सिग्ने म्हणाली, "कोणीतरी चोरून घालतंय."

युट्टेने गावच्या सभागृहात लोकांना बोलावलं. कॉफी झाली, केक झाला, मग ती उभी राहिली. "मी कोणावर आळ घेत नाहीये," ती म्हणाली आणि आक्सेलकडे बघत राहिली.

"एकदाच दिलं गं," आक्सेल म्हणाला. "त्याचा वाढदिवस होता."

"त्याचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो."

"मग माझा असेल."

तेवढ्यात दुकानदार प्रेबेनने घसा खाकरला. सॉसेजची सालं तशीही फेकूनच द्यायची असतात, असं त्याचं म्हणणं. मग चर्चच्या पाद्रीणबाई उठल्या. प्रार्थनेला वाटतात त्या पावाच्या पातळ चकत्यांतली एक आपण दिली, पण तिच्यावर अजून प्रार्थना म्हटलेली नव्हती, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि शब्द दिला. आणि खरोखर पाळलाही. आक्सेल तर टपालाच्या वेळी घराचा पडदाच लावून घेऊ लागला.

तीन आठवडे गेले. सोफुस चाटतच होता.

सिग्ने पुन्हा आली ती सकाळच्या पहिल्या बोटीने. युट्टेने नाश्ता मांडला. "माणसाचा भरवसा धरू नये बघ," ती बोलत होती. "तोंडावर हो म्हणतात आणि पाठ वळली की..." बोलता बोलता तिने फडताळातून डबी काढली, एक गोळी घेतली, लिव्हरपेस्टच्या गोळ्यात दाबली आणि सोफुसच्या जबड्यात टाकली.

सिग्नेचा कप तोंडाशी तसाच राहिला. "हे काय दिलंत?"

"सांध्याची गोळी. कमरेसाठी. दोन वर्षं झाली की."

"आणि गोळीभोवती काय होतं?"

"ते काय, औषधाबरोबर जातं ते..." युट्टे म्हणाली आणि मध्येच थांबली. हातातल्या सुरीकडे बघितलं. सुरीला लिव्हरपेस्ट लागलेली होती. ती मटकन खुर्चीवर बसली.

सिग्ने आधी ओठ दाबून बसली, मग तिला राहवेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "डुक्कर, दूध, गहू, अंडं," तिने त्या पेस्टमधले जिन्नस बोटांवर मोजले. "जे जे टाळायचं होतं, ते सगळं रोज सकाळी नेमाने."

पुढचे दोन दिवस युट्टेने टपालाबरोबर आपली चूकही घरोघर पोचवली. पहिल्या दारात जीभ अडखळली, दहाव्या दारात ती स्वतःच नक्कल करून दाखवायला लागली. प्रेबेनने तिला दुकानात खुर्ची दिली आणि गिऱ्हाइकांसमोर सगळं पुन्हा सांगायला लावलं. आक्सेलने सगळं ऐकून घेतलं. आत गेला, चीजचा एक मोठा तुकडा कापून आणला आणि तिच्या हातावर ठेवला. "घे. तू पथ्यावर नाहीस ना?"

आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून. गोळी आता बटाट्यात. चौथ्या आठवड्यात चाटणं कमी झालं, सहाव्यात थांबलं. बेचक्यांत स्वच्छ पांढरे केस फुटले. मग सिग्नेच्या सांगण्यावरून एकेक पदार्थ परत देऊन बघितला. गाईचं मांस चाललं. चीज चाललं, आणि आक्सेलने ते गावभर सांगितलं. डुकराचं मांस दिलं, आणि तिसऱ्या दिवशी पंजा तोंडात.

"डेन्मार्कात जन्मून डुक्कर मानवत नाही?" आक्सेल म्हणाला. "याला स्वीडनला पाठवा."

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ओहोटीच्या वेळी सगळं गाव वाळूवरून चालत पलीकडच्या बेटुकल्यावर सहलीला जातं. शिंपल्यांचा चुरा, खारं पाणी, दोन मैलांचा रस्ता. युट्टेने सोफुसला सायकलच्या पेटीत बसवून न्यायचं ठरवलं होतं. तो पेटीत थांबलाच नाही. उडी मारून उतरला, ओल्या वाळूत एकदा गोल फिरला आणि सुटला तो सरळ समुद्रपक्ष्यांच्या थव्याच्या दिशेने, चारी पाय जमिनीवर टेकतायत की नाही कळू नये असा.

युट्टे बघत राहिली. मग तिने सायकल वाळूत आडवी केली, बूट काढले, स्कर्ट गुडघ्यापर्यंत वर धरला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्यामागे धावत सुटली.

"अगं ए युट्टे," मागून आक्सेल ओरडला, "तिकडे कोणाचं टपाल नाहीये."

ती थांबली नाही.