‘शक्यतो’ तेवढा काढा

मिरची हे तिचं घरातलं नाव, आणि ते तिनं लहानपणीच कमावलं होतं. आता ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. घरामागून नाला वाहायचा. आज तो जांभळा आहे की हिरवा, यावरून पलीकडच्या कापड कारखान्यात काय रंगतंय ते आईला कळायचं. धाकट्या भावाच्या पायांची खाज काही केल्या जात नव्हती. म्हणून पर्यावरण खात्यानं नव्या पाणी-धोरणासाठी पाच तरुण सल्लागार मागवले तेव्हा मिरचीनं अर्ज केला, आणि तिची निवडही झाली.

पहिल्या बैठकीत त्यांना टोप्या मिळाल्या. दुसऱ्या बैठकीत फुगे फुगवून एकमेकांची ओळख करून घ्यायला सांगितलं. तिसऱ्या बैठकीत घोषवाक्य मागितलं. धोरणाचा मसुदा कधी दाखवणार, हे मिरचीनं प्रत्येक वेळी विचारलं. बैठका घेणारे खात्याचे उपसंचालक प्रेमळ गृहस्थ. म्हणायचे, तुमचा हा उत्साह असाच टिकवा. मिरची घरी येऊन भांडी आदळायची. आई म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी ओततेस, दुसरं काय.

पुढच्या बैठकीत मसुदा आला. जाडजूड, आणि वाचायला वेळ चहा संपेपर्यंतचा. तुमचं एक वाक्य घालू, ते ठरवा, असं उपसंचालकांनी सांगितलं. त्या एका वाक्यावरून पाच जण दुपारभर भांडले. एकाला झाडं हवी होती, एकीला प्लास्टिकबंदी, आणि एक पोरगा फोनमधून डोकंच वर काढेना. बाकीचे दमले तेव्हा मिरचीचं वाक्य उरलं: कारखान्यांच्या सांडपाण्याची दर महिन्याला तपासणी करून निकाल जाहीर करावा.

ते टाइप होऊन आलं तेव्हा त्यात ‘शक्यतो’ घुसला होता.

“सर, हा शब्द आमचा नाही.”

“अगं, सरकारी भाषा असते ती. त्यानं काही बिघडत नाही.”

“बिघडत नसेल तर काढून टाका.”

उपसंचालक वरिष्ठांबद्दल, कायदा विभागाबद्दल बरंच बोलले. तेवढ्यात मुखपृष्ठासाठी फोटोवाला आला. सगळे उठले, मिरची उठली नाही. फोनमध्ये डोकं घातलेल्या पोरानं तिच्याकडे पाहिलं, फोन खिशात टाकला आणि परत बसला. मग बाकीचेही बसले. फोटो संध्याकाळपर्यंत मंत्र्यांकडे जायचा होता. उपसंचालकांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन काढून तो शब्द खोडला, शेजारी सही केली. फोटो निघाला. हसा म्हटलं तरी कुणी हसलं नाही.

धोरण छापून आलं. ‘शक्यतो’ गेला होता. पण ‘दर महिन्याला’च्या जागी ‘वेळोवेळी’ आलं होतं, आणि मुखपृष्ठावर हे पाच चेहरे. मिरचीची कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवशी पाचही जण उपसंचालकांच्या दारात उभे राहिले. वरून बदललं, माझ्या हातात काही नाही, असं ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

“मग ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे घेऊन चला,” मिरची म्हणाली. “आमचे चेहरे तुम्ही छापलेत.”

त्यांनी चहा तसाच टाकला आणि पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर गेले. तिथं पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी ‘दर तीन महिन्यांनी’वर तडजोड झाली आणि शुद्धिपत्रक निघालं.

पहिला निकाल लागला. कारखाना साफ नापास झाला. आता पुढे काय, असं मिरचीनं विचारलं, तर दंडाचा मुद्दा पुढच्या धोरणात घेऊ, असं उत्तर आलं. तिनं डोक्याला हात लावला. मग बाकीच्या चौघांना फोन लावायला घेतले.