कोठीतले बिनतोंडाचे पाहुणे

बॅरंट्स समुद्राच्या तळाशी गाळातून मिथेन वायूचे बुडबुडे सुटत असतात आणि पाण्याचं गोठायचं तेवढं बाकी असतं. तिथे केसाएवढ्या नळ्यांत राहणाऱ्या कृमींवर रागनफ्रिडने उभी हयात घालवली होती. तिच्याइतकी त्यांना ओळखणारी व्यक्ती नॉर्वेतल्या तिच्या ट्रॉम्स्य बंदरात दुसरी नव्हती. अडचण एवढीच, की ही ओळख मयताला गेल्यावर होते तशी होती. वर आणल्यावर कृमी उबेने मरत आणि तिच्या टेबलावर पोचत ते बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये. आपल्या नळीतून डोकं बाहेर काढून सुखाने बसलेला कृमी तिने कधीच पाहिला नव्हता. डिसेंबरात ती निवृत्त होणार होती. 'लोमवी' जहाजावरची ही ऑक्टोबरातली फेरी शेवटची.

या खेपेला सगळं सुरळीत झालं, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. दोरीला बांधलेल्या यंत्राने तळाचा गाळ कृमींसकट अलगद उचलून आणला. तो पिंपात भरून प्रयोगशाळेच्या थंड खोलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीच्या यंत्राने एक खोल सुस्कारा सोडला आणि ते कायमचं गप्प झालं. त्याचा जळलेला भाग बदलायला बंदरच गाठायला हवं होतं.

शून्य अंशाच्या आसपास ठेवता येईल अशी जहाजावर आता एकच जागा उरली होती, भटारखान्याची कोठी. रागनफ्रिड कप्तान आसलाउगकडे गेली.

"कोठीचं ऐलर्टला विचार," कप्तान म्हणाली. "मी फक्त जहाज चालवते."

आचारी ऐलर्ट बटाटे सोलत बसला होता.

"जंत?" तो म्हणाला. "माझ्या कोठीत?"

"जंत नव्हेत रे. नळीत राहणारे कृमी."

"म्हणजे घरदार असलेले जंत."

"हे बघ, त्यांना तोंड नाही. पोटही नाही. ते काही खात नाहीत."

ऐलर्टची सुरी थांबली. त्याने आयुष्य खलाशांना जेवू घालण्यात काढलं होतं. "म्हणजे रश्श्यात मीठ कमी आहे असं म्हणणार नाहीत?"

"नाहीत."

"काल पण मासाच होता असंही नाही?"

"नाही."

"आण त्यांना," ऐलर्ट म्हणाला.

कोठी शून्यावर आणायची तर भाजीपाला गारठून जाणार, म्हणून तो बाहेर काढावा लागला आणि बाहेर काढला म्हणून खावा लागला. खलाशांनी दोन दिवस काकडी अशी खाल्ली, जणू कोर्टानेच ती ठोठावली होती. पिंप सगळ्यात खालच्या फळीवर गेलं. ऐलर्टने त्यावर चिठ्ठी डकवली: 'झाकण उघडेल त्याचं जेवण बंद.' मात्र रोज सकाळी रागनफ्रिड ताजं, गार समुद्राचं पाणी घेऊन येई आणि तेव्हा तो दाराकडे पाठ करून उभा राहत असे.

गाळाला वास होता. सडक्या अंड्यांचा, आणि झाकणाला न जुमानणारा. कोठीच्या दारातून तो जिन्यावर आला, जिन्यावरून खाली उतरला आणि इंजिनरूममध्ये गुडब्रांडच्या नाकाशी थांबला.

गुडब्रांड जहाजाचा मुख्य इंजिनिअर. तो वाल्द्रेसचा. त्या खोऱ्यात शरदात ट्राउट मासे मिठात दाबून पिंपात मुरत ठेवतात आणि नाताळच्या सुमाराला ते राकफिस्क झालेले मासे कच्चेच, कांदा आणि आंबट साय लावून बटाट्याच्या पोळीत गुंडाळून खातात. वास असा, की परका माणूस खिडकी उघडतो आणि वाल्द्रेसच्या माणसाला आई आठवते. तज्ज्ञ नाकाला यातला आणि त्यातला फरक कळला असता. गुडब्रांडचं नाक मात्र डिझेलवर पोसलेलं होतं. तो वर आला, पिंप पाहिलं, चिठ्ठी वाचली आणि भरल्या डोळ्यांनी परत गेला. मुरणाऱ्या पिंपाचं झाकण उघडायचं नाही, पिंप हलवायचं नाही आणि गारवा सोडायचा नाही, हे त्याला पाळण्यातच शिकवलं होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या जहाजाला कळलं, की फेरीच्या शेवटच्या शनिवारी ऐलर्ट राकफिस्क वाढणार आहे.

त्यानंतर रागनफ्रिडला जहाज ओळखू येईना. गुडब्रांड दिवसातून कितीदा तरी कोठीचं तापमान पाहून जाई. पिंप लाटेने सरकू नये म्हणून त्याने त्याला दोरांनी आवळलं होतं आणि खाली जुना स्वेटर घातला होता. भटारखान्याचा किंचाळणारा पंखा कुणी न सांगता दुरुस्त झाला. खलाशी जाता-येता तिला विचारत, "पिंप ठीक आहे ना?" इतक्या वर्षांनी समुद्रावरच्या माणसांना विज्ञानाची गोडी लागली, या विचाराने तिचा ऊर भरून आला. ते तिने ऐलर्टला बोलूनही दाखवलं.

ऐलर्ट थोडा वेळ खोकला. मग त्याने खरं काय ते सांगितलं.

"आणि तू त्यांना बोलला नाहीस?"

"माझी भांडी घासून मिळतायत, बाई. शिवाय तुझ्या जंतांना आयतेच पहारेकरी मिळालेत. ते मी काढून घेऊ?"

 पहारेकरी जावेत हे तिलाही नको होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती.

शुक्रवारी दुपारी वादळ उठलं. जहाज एकदा इतकं कलंडलं, की कोठीच्या कॉम्प्रेसरची नळी निसटली आणि तो बंद पडला. तापमानाचा काटा चढू लागला. गुडब्रांड आडवा होऊन यंत्राखाली शिरला. टॉर्च धरायला रागनफ्रिड होती. त्याची बोटं सोलपटली होती, तरी तो गुणगुणत होता.

"गुडब्रांड," ती म्हणाली, "त्या पिंपात मासा नाही."

गुणगुणणं थांबलं. "मग काय आहे?"

"किडे. समुद्राच्या तळाचे."

"मुरवलेले?"

"जिवंत."

यंत्राखाली पाना खणकन पडला.

"लोकांनी कांदे चिरून ठेवलेत," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मी घरी फोन केला. आईने विचारलं, ट्राउट कोणत्या तळ्यातला."

"चुकलंच माझं. कळल्याबरोबर सांगायला हवं होतं."

जहाज डावीकडे झुकलं, मग उजवीकडे.

"हे मेले तर?" त्याने विचारलं.

"तर माझा जिवंत कृमी बघायचा राहिला, एवढंच. डिसेंबरात माझं संपतं."

यंत्राखालून एक काळा हात बाहेर आला. "तो लहान पाना दे. आणि टॉर्च जरा खाली धर, माझ्या डोळ्यात नको."

तासाभराने कॉम्प्रेसर कुरकुरत सुरू झाला. वादळ ओसरल्यावर रागनफ्रिडने कोठीतच बर्फावर एक काचेची वाटी ठेवली आणि पिंपातल्या नळ्यांची एक जुडी तिच्यात अलगद सोडली. वाळक्या गवताच्या पेंढीसारखी दिसत होती ती. तिघे कोट घालून भिंगाभोवती बसले. ऐलर्टने श्वासाची वाफ लागू नये म्हणून तोंडाला फडकं बांधलं होतं. पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. मग एका नळीच्या टोकातून लाल धाग्याचं टोक डोकावलं, आत गेलं, पुन्हा आलं. त्याच्याजवळ दुसरं. दोन्ही धागे पाण्यात सावकाश हलू लागले.

रागनफ्रिडने भिंगावरून डोळा काढला, कारण त्यातून आता तिला काही दिसेना.

"तोंड नाही तर जगतो कसा?" गुडब्रांडने कुजबुजत विचारलं.

"त्याच्या अंगात सूक्ष्म जीव असतात. गाळातून जो वायू येतो त्यावर ते जगतात आणि याला पोसतात."

"म्हणजे आचारी अंगातच," ऐलर्ट फडक्यातून म्हणाला. "आणि त्याला सुट्टी नाही."

ती हसली. मग तिने दोघांचेही हात धरले. शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत तिने आजवर बऱ्याच खात्यांचे आणि निधींचे आभार मानले होते. इथे तिला एकच वाक्य सुचलं: "तुम्ही होतात म्हणून हा आहे."

"बरं, बरं," गुडब्रांड म्हणाला आणि त्याने हात सोडवून विनाकारण पाना पुसला.

शनिवारी जेवणाच्या टेबलावर त्यानेच जाहीर केलं, की राकफिस्क नाही. "ज्याला शिव्या द्यायच्या असतील त्याने आधी कोठीत जाऊन भिंगातून बघून यावं." एकेक जण गेला. परत आल्यावर शिव्या कुणीच दिल्या नाहीत. चिरलेला कांदा उकडलेल्या कॉड माशावर घालून सगळ्यांनी खाल्ला.

ट्रॉम्स्यच्या धक्क्यावर पिंप उचलायला दोन खलाशी पुढे आले. गुडब्रांडने त्यांना बाजूला केलं, पिंप स्वतः उचललं आणि पाणी हिंदकळू नये अशा बेताने, पोटुशी बाई उतरते तसा तो फळीवरून उतरला. मागे रागनफ्रिड होती. बर्फाच्या डब्यात बसवलेली वाटी तिने छातीशी धरली होती. भिंगाशिवायही तिला खात्री होती, की आत दोन लाल धागे हलताहेत. कृमी ठेवून घ्यायला मत्स्यालयातून आलेली मुलगी हातमोजे काढून पिंप घ्यायला धावली.

"थांब पोरी," गुडब्रांड म्हणाला. "आधी हात गार करून ये."