दोघांची निनांग

आंब्याची वाळलेली फोड अंगठ्याला चिकटून बसली होती, आणि ती झटकायची सोडून कॉन्सोलासियॉन नुसती बघत राहिली — कडेला करपलेली, पाकिटात घालायच्या लायकीची नाही. टेबलाशी बाया भराभर पाकिटं भरत होत्या. निम्फाची जागा रिकामी होती.

"तापाने फणफणलेल्या बायकोला सोडून नवरा कुठे निघाला हो, मॅडम?" लुडिव्हिनाने विचारलं. "अर्नेलला सकाळी दक्षिणेच्या बसमध्ये चढताना पाहिलं. नवा शर्ट घालून!"

"तोंड चालतं तेवढे हात चालव," ती म्हणाली. बाया खिदळल्या.

ताप कसला! नवऱ्याने मारहाण केलेल्या बाईला कायद्याने पगारी रजा मिळते, ती तिनेच निम्फाला मिळवून दिली होती. बाही वर सारून निम्फाने काळानिळा दंड दाखवला तेव्हा तिलाच भडभडून आलं होतं, तिनेच म्हटलं होतं, जा पोरी, कुणाला कळू देणार नाही... आणि काल? तोंडात तीळ भिजला नाही.

पण अर्नेल आलाच तसा. मधल्या सुट्टीत फाटकाशी उभा, केळीच्या पानात तांदळाची गोड, गरम बिबिंका, डोळे सुजलेले, तिचा हात उचलून त्याने कपाळाला लावला — "आशीर्वाद द्या, निनांग." प्यायलेला नव्हता. तिने वास घेऊन पाहिला होता, हो, इतकी अक्कल होती तिला! चर्चमध्ये दोघं तिच्यापुढे वाकली होती. लग्नातली धर्ममाता, निनांग, व्हा म्हणून निम्फानेच गळ घातली होती, आणि असल्या मानाला या मुलखात कोण नाही म्हणतं? निनांग एकट्या मुलीची नसते. दोघांची असते. भांडण झालं की दोघांना समोर बसवायचं, त्याला झापायचं, तिला समजवायचं, जेवू घालून घरी पाठवायचं — तिच्या आईने किती संसार असे सांधले! सांधले, की नुसते झाकले... ते कोण बघायला गेलं होतं?

"बरी आहे ना ती, एवढंच सांगा," अर्नेल म्हणाला होता.

"बरी आहे रे. दक्षिणेला, दालागेतेत, मावशीकडे. थंड हवा आहे, डोकं शांत होऊ दे तिचं. मग मी बसवते तुम्हा दोघांना."

एवढं सोपं. बोलताना छाती फुगली होती माझी, काहीतरी मोठं काम केल्यासारखी. आणि घरी जाऊन ती बिबिंका मी खाल्लीसुद्धा, चवीने, पान निपटून.

ती उठली, मागे नळांपाशी गेली, फोन लावला.

"निनांग!" निम्फाचा आवाज हलका, कधी नव्हे एवढा. "काल दार नुसतं लोटून झोपले. मावशी म्हणते, घोरत होतीस! तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही ना, म्हणून—"

सांगू नये... दुसरंच काही सांगावं — तुझ्या मावशीला घेऊन बाजारात जा म्हणावं, कुणी ओळखीचं तिकडे येतंय म्हणावं. पोरगी सुखरूप निसटेल, आणि मीही. मीही! शी. या घटकेलाही स्वतःचीच कातडी.

"निम्फा, मी सांगितलं त्याला. काल. दालागेते म्हटलं, मावशी म्हटलं. सकाळच्या बसने निघालाय. चपला घाल आणि निघ. आत्ता निघ."

पलीकडे कोंबडा आरवला. कुणीतरी भांडं खाली ठेवलं.

"रडत होता गं तो..." ती म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली. "कुठे जाशील? मला सांग, मी काहीतरी—"

"नको," निम्फा म्हणाली. मग, कामावर म्हणतात तसं, सावकाश — "नको, मॅडम."

फोन तुटला. तिने पुन्हा लावला, लागला नाही. आत लुडिव्हिना काहीतरी बोलली, सगळ्या हसल्या. उद्या अर्नेल हात हलवत परत आला, फाटकाशी रडला, तिचा हात कपाळाला लावून तसाच धरून बसला, तरी आता त्याला द्यायला तिच्याजवळ निम्फाचा पत्ताच नव्हता... त्याचं तिला बरं वाटलं — खरंच बरं वाटलं — आणि बरं वाटल्याची इतकी शरम वाटली की टेबलाकडे जायला पाय उचलेना.