ज्याचं गाणं त्यानंच गावं

दुसरं कडवं संपत आलं होतं तेव्हा जिन्यात काठी वाजली. डेनिसने बसल्या जागेवरून हात लांब करून दाराची मूठ धरून ठेवली. गाणं चालू असताना दार उघडायचं नाही, हा 'थ्री हेरिंग्ज' या पबच्या माडीवरचा पहिला नियम. उशिरा येणाऱ्याने जिन्यात उभं राहायचं, टाळ्या पडल्या की आत यायचं. उन्हाळ्यात समुद्र बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. ते धाडकन दार ढकलतात, आणि मग आतल्या पंचवीस-तीस म्हाताऱ्या डोळ्यांकडे पाहून आल्या पावली परत फिरतात. म्हणून दाराशी कायम डेनिस.

पण ही काठी वरच्या पायऱ्यांपाशी येऊन आपणहून थांबली. माणूस जाणकार दिसतंय, असं डेनिसला वाटलं.

आत लेन गात होता. त्याचं देवमाशाच्या शिकारीचं गाणं इतकं लांब होतं की तेवढ्या वेळात खरा देवमासा मारून, सोलून, तेल काढून झालं असतं. तरी कुणी कंटाळत नव्हतं, कारण दर कडव्यानंतर ध्रुवपद यायचं आणि सगळी माडी ते उचलायची. दर रविवारी दुपारी गावातली माणसं इथे जमायची ती त्याच्यासाठीच. एकट्याने म्हणायचं ते कडवं, सगळ्यांनी म्हणायचं ते ध्रुवपद.

लेन एकदाचा थांबला. टाळ्या पडल्या. डेनिसने दार उघडलं.

बाहेर एक उंच म्हातारी उभी होती. पांढरे केस बारीक कापलेले, आणि जूनचा उन्हाळा असूनही गळ्याभोवती निळा रुमाल घट्ट गुंडाळलेला. तिने मान जराशी डावीकडे कलती केली. अशी मान कलती करून बघणारं माणूस डेनिसने आयुष्यात एकच पाहिलं होतं.

"काय रे डेनिस, अजून दरवानच का तू?" ती म्हणाली. आवाज कसला, लाकडावर घासकागद फिरवावा तसा.

"हेझल," तो म्हणाला.

तेवढ्यात पॉलीनने तिला पाहिलं. रविवारच्या बैठकीचा कारभार ती बघायची. पुढचा कोण, मधली सुट्टी कधी, कुणाला दोनच गाणी आणि कुणाला तीन, हे सगळं तिच्या हातात. ती खुर्च्यांमधून वाट काढत आली आणि तिने हेझलला मिठीच मारली.

"अगं बाई! जिवंत आहेस तू! बघा रे, हेझल आलीय! आमची हेझल ब्रेडन!" मग तिचा हात धरून तिने तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. "आता काही सबबी नकोत. तुझं गाणं म्हणायचं. आजीचं."

हेझलने रुमालावर बोट ठेवलं. "ऑपरेशन झालं गं. बोलता येतंय हेच नशीब समज. गाणं गेलं."

"अरेरे," पॉलीन म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखर उतरला.

"त्यात काय? मी ऐकायला आलेय." हेझलने खोलीभर नजर फिरवली. "कोण म्हणतं आता ते इथे?"

लेनने ग्लासात पाहिलं. जुन्या चार-पाच माणसांनी डेनिसकडे पाहिलं आणि पुन्हा नजर काढून घेतली.

"कुणीच नाही गं," पॉलीन म्हणाली. "म्हणजे, डेनिसने कधी..." तिने डेनिसचा चेहरा पाहिला आणि घंटी वाजवली. "चला, मधली सुट्टी! सँडविचेस खाली आहेत. खेकड्याची संपली तर माझ्यावर ओरडायचं नाही."

सगळे घाईघाईने खाली गेले.

डेनिस दोन ग्लास घेऊन खिडकीपाशी आला. खाली ओहोटी लागली होती. होड्या चिखलात एका कुशीवर पडल्या होत्या.

ते दोघे विशीत असताना याच खोलीत गायचे. तो गिटार वाजवायचा, ती गायची. हेरिंग मासळीच्या मागे किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या बायकांचं एक गाणं तिने आजीकडून उचललं होतं. साधंच होतं. चार कडवी आणि एक ध्रुवपद. पण ती ते म्हणायला लागली की बारमधली माणसं ग्लास खाली ठेवायची. मग एकदा लंडनहून जांभळी विजार घातलेला एक गृहस्थ आला आणि त्यांना रेकॉर्ड काढायला घेऊन गेला. त्या काळात साधं गाणं रंगीत धुक्यातून काढल्याशिवाय कुणाचं समाधान होत नसे. या गाण्याखाली सतार आली, उलटी फिरवलेली टेप आली, मध्येच पक्षी ओरडले. सतारीला जागा हवी म्हणून शेवटचं कडवं काढून टाकलं. तेव्हा हेझलने डेनिसकडे पाहिलं होतं. डेनिस गिटारच्या तारा बघत बसला होता. वर्षभरात ती गाव सोडून गेली. कुणाला सांगितलं नाही, पत्ता ठेवला नाही.

"रेकॉर्ड पुन्हा निघालीय म्हणे," डेनिस म्हणाला.

"निघालीय ना. केस हिरवे केलेली पोरं घरी येतात. विचारतात, तेव्हा तुम्ही नशेला नक्की काय घेतलं होतं? मी सांगते, चहा. फार तर सर्दीचं औषध." ती हसली आणि तिला खोकला आला. "ऐकताना स्वप्नात गेल्यासारखं वाटतं म्हणतात. मला काय वाटतं सांगू? कुणीतरी माझ्या आजीला विहिरीत टाकलंय आणि ती खालून हाका मारतेय."

"मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"हवं होतं," ती सहज म्हणाली. "पण तू तरी काय वयाचा होतास? ते मी कधीच सोडून दिलं, डेनिस. त्यासाठी नाही मी रागावले."

"मग कशासाठी?"

तिने ग्लास हातात फिरवला. प्यायली नाही.

"मी एकदा आले होते इथे. तुला ठाऊक नाही. चौऱ्याऐंशी सालचा खाणकामगारांचा संप चालला होता त्या हिवाळ्यात. नवऱ्याला म्हटलं, जरा गाडी थांबव, बघून येते. तो खाली बसला, मी जिना चढले. गाणं चालू होतं म्हणून वरून तिसऱ्या पायरीवर थांबले. ते संपलं, आत यायचं तर धीर होईना. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी सुरू केलं. माझं गाणं. मला काय झालं म्हणून सांगू! रडूच आलं. म्हटलं, आहे, यांच्या लक्षात आहे."

डेनिसने हातातला ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"आणि मग तू त्याला थांबवलंस," हेझल म्हणाली. "पहिल्याच ओळीत. 'ते नाही. ते गाणं इथे म्हणायचं नाही.' तुझा आवाज मी कुठेही ओळखेन. सगळी खोली चिडीचूप झाली. म्हटलं, बरोबर आहे. न सांगता पळाले, यांनी मला टाकलं. माझ्याबरोबर माझ्या आजीलाही टाकलं. गेले खाली. नवऱ्याला सांगितलं, ओळखीचं कुणी नव्हतं."

डेनिसला तो रविवार आठवत होता. चांगलाच आठवत होता, कारण त्याला त्याचा अभिमान होता. डरहॅमकडचा एक पाहुणा उभा राहिला होता, आवाजही बरा होता. डेनिसने हात वर करून त्याला अडवलं होतं, आणि घरी जाताना त्याचा ऊर भरून आला होता.

या माडीवरचा दुसरा नियम असा, की ज्याचं गाणं त्यानंच गावं. पण तो माणूस खोलीत असेल तरच. तो नसेल तेव्हा खुशाल कुणीही म्हणावं, फक्त आधी सांगावं की हे मी अमक्याकडून घेतलं. गाणी जगतात ती अशीच. हेझलच्या बाबतीत मात्र डेनिसने नियम स्वतःपुरता वाढवला. ती खोलीत असो वा नसो, गाणं तिचं. ती आली की तिला ते जसंच्या तसं, कुणाचा हात न लागलेलं मिळालं पाहिजे. त्याचं तिच्यावर प्रेम होतं, आणि ते तिला सांगायची हिंमत त्याच्यात कधीच नव्हती. गाणं राखणं त्याला जमण्यासारखं होतं. म्हणून त्याने ते राखलं. त्याची बायको जीन हयात असताना हसायची. "चर्चमधली चांदीसुद्धा कधीमधी बाहेर काढून पुसतात रे, डेनिस." तो ते हसण्यावारी न्यायचा. पाहुण्यांनी ते म्हणणं सोडलं, नवी माणसं ते कधी शिकलीच नाहीत, जुनी एकेक करून चर्चमागच्या मातीत गेली.

जिथे बोलायचं तिथे तो गप्प बसला होता, आणि जिथे गप्प बसायचं तिथे बोलला होता.

"हेझल, ते तसं नव्हतं," तो म्हणाला.

"मग कसं होतं?"

त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात घंटी वाजली. माणसं तोंड पुसत, जिना दणाणत वर आली. पॉलीनने नेहमीच्या आवाजात विचारलं, "हं, आता कोण?"

डेनिस तिथूनच म्हणाला, "मी."

तो दारापाशी आपल्या खुर्चीजवळ गेला, पण बसला नाही. गिटार काही त्याने घेतली नाही. बोटं कधीच आखडली होती.

"हे गाणं मी हेझल ब्रेडनकडून घेतलं," तो म्हणाला. लेनने झटकन मान वर केली. गाण्याची मालकीण समोर बसली असताना दुसऱ्याने तिचं गाणं म्हणणं, असं या माडीवर कधी घडलं नव्हतं. "तिने तिच्या आजीकडून घेतलं. इथे इतकी वर्षं कुणी म्हटलं नाही, कारण मी कुणाला म्हणू दिलं नाही. एकाला तर पहिल्या ओळीत थांबवलं. मला वाटायचं, ती परत येईल तेव्हा ते तिच्या जागेवर असलं पाहिजे." त्याने हेझलकडे पाहिलं. "ती त्याच दिवशी आली होती, या जिन्यात उभी होती. आणि मी ते तिला ऐकू दिलं नाही."

हेझल त्याच्याकडे बघत राहिली. तिचा हात गळ्यातल्या रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"म्हण," ती म्हणाली.

डेनिसने डोळे मिटले आणि पहिलं कडवं म्हटलं. आवाज जाडाभरडा होता, पण सूर जागेवर होता. होडी रंगवताना, बागेत बटाटे काढताना, एकटा असताना त्याने ते म्हटलं नाही असा आठवडा गेला नव्हता. कडवं संपलं. सवयीने तो थांबला, माडीने ध्रुवपद उचलावं म्हणून.

कुणी उचललं नाही. अनोळखी गाण्याचंही ध्रुवपद दुसऱ्या खेपेला पकडणारी ती माणसं, हाताची घडी घालून नुसती बघत बसली. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. जुन्यांपैकी पॉलीनचे ओठ हलले, पण शब्द आले नाहीत. तीही विसरली होती. खिडकीबाहेर एक समुद्रपक्षी ओरडला, तेवढाच काय तो आवाज.

मग डेनिसने एकट्यानेच म्हटलं:

"जाळं सोड गं, जाळं सोड,
पाणी फिरलं, घरची ओढ."

दुसऱ्या कडव्यानंतर दोघा-चौघांनी चाचपडत साथ दिली. तिसऱ्यानंतर लेनने खालचा सूर धरला. चौथं कडवं रेकॉर्डवर नसलेलं. त्यात बायका परत येतात आणि धक्क्यावर त्यांना ओळखणारं कुणी उरलेलं नसतं. ते म्हणताना डेनिसने डोळे उघडले. हेझल आवाजाविना त्याच्याबरोबर म्हणत होती. एका ओळीत तिचे ओठ वेगळंच काही म्हणाले. कुणाचं बरोबर, हे सांगायला आता कोण होतं? त्याने आपली ओळ तशीच पुढे नेली.

शेवटचं ध्रुवपद आलं आणि या वेळी सगळ्या माडीने ते उचललं. पंचवीस-तीस म्हातारे गळे, कुणी चुकीच्या शब्दांत, पण भरून. फक्त डेनिसला ते म्हणता येईना. त्याने हात मागे नेला, दाराची मूठ चाचपली, आणि गाणं चालू असताना दार सताड उघडलं.

पॉलीन दचकली. पण थांबलं कुणी नाही. गाणं दारातून बाहेर पडलं आणि जिन्यावरून खाली उतरत गेलं. डेनिस वळून बघत राहिला. वरून तिसऱ्या पायरीवर कुणी नव्हतं.