डाव्या हाताची शिलाई

चौकशीच्या खोलीत तिघे होते आणि सुई टेबलावर पडून होती. भिंतीतल्या नळातून पाणी उतरत होते, तेवढाच काय तो आवाज. बाइंडरमास्तर त्या सुईकडे पाहत होते. नऊ दिवस झोप न मिळालेल्या डोळ्यांना ती कधी एक दिसे, कधी दोन.

टेबलापलीकडे साहेब. दाराशी, टोपी छातीशी धरून, पुठ्ठेवाला. मास्तरांच्या दुकानात वीस वर्षे पुठ्ठे चढवणारा. सुईशेजारी ते बंदी घातलेले पुस्तक, पाठीवरचे कापड सोलून काढलेले.

“जाणकार म्हणतात, गाठी डावीकडे झुकल्यात. शिवणारा डावखुरा आहे,” साहेब म्हणाले. “तुम्ही म्हणता, मीच शिवलं. मग शिवून दाखवा. छापील पानांचे दोन फर्मे, बस्स. तुमच्या तर डाव्या हातचा मळ!” आणि ते स्वतःच्याच विनोदावर हसले.

डावखुरी होती ती मास्तरांची लेक. पुस्तक तिने शिवले होते. मास्तर स्वतः जन्माचे उजवे. पण ते इथे कोणाला ठाऊक नव्हते, कारण इथल्या लोकांना घाई नडली होती. काही विचारण्याआधीच, पहिल्याच दिवशी, त्यांनी मास्तरांचा उजवा हात दाराच्या फटीत चिरडला. तेव्हापासून पाण्याचा पेलाही डाव्यानेच.

दुसऱ्या दिवशी पुस्तक समोर आले आणि मास्तरांनी त्या गाठी ओळखल्या. मग रोज लेकीची नवी बातमी येऊ लागली: ती सापडली, ती पळाली, तिने सगळे कबूल केले, ती गेली. चारही बातम्या एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, या एवढ्याशा खुंटीवर मास्तरांनी आपले मन टांगून ठेवले. आणि घोंगडीखाली, घोंगडीचाच दोरा ओढून, ते डाव्या बोटांना तिची गाठ शिकवत राहिले. ती लहान असताना ते किती चिडायचे! “उलटं आहे गं हे सगळं!” म्हणत तिची बोटे वळवायचे, ती मुकाट ऐकायची आणि पुन्हा आपल्याच वाटेने जायची. आता त्याच वाटेवर म्हातारा बाप चाचपडत चालला होता.

त्यांनी सुई उचलली. दोरा ओवायला चार खेपा लागल्या. साहेबांनी घाई केली नाही. थकलेल्या माणसाला घाई करायची नसते, हे त्यांना ठाऊक होते. पहिली गाठ सैल पडली, दुसरी बसली, आणि तिसरी झुकली, जशी झुकायला हवी तशी.

साहेबांनी दोन्ही शिलाया शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या. मग मान वर न करता विचारले, “काय रे, हा माणूस डावखुरा आहे?”

पुठ्ठेवाला एक पाऊल पुढे आला.

“अहो साहेब, वीस वर्षं एका बाकावर बसलो. दोरा ओढला की ह्यांचं कोपर माझ्या बरगडीत! कितीदा म्हटलं, मास्तर, एक तर जागा बदला, नाहीतर मला चिलखत तरी शिवून द्या.”

बरगडीत बसायचे ते कोपर लेकीचे होते. आणि चिलखताची थट्टाही तिच्याशीच चालायची.

“म्हणजे तुम्हीच,” साहेबांनी पेन उघडले.

“मीच,” मास्तर म्हणाले. त्या शब्दाची शिक्षा त्यांना माहीत होती. तरी तो उच्चारताना, खांद्यावरचे ओझे कोणीतरी क्षणभर धरावे, तसे वाटले.

“जा तू,” साहेब पुठ्ठेवाल्याला म्हणाले.

तो वळला, आणि लेकीबद्दलचा, नऊ दिवस दातांखाली दाबून ठेवलेला प्रश्न मास्तरांच्या तोंडून अखेर निसटलाच.

“दुकान कोण उघडतं रे आता?”

साहेबांचे पेन कागदावर थबकले; तेही उत्तरासाठी कान देऊन होते.

पुठ्ठेवाल्याचे पाऊल उंबऱ्यापाशी किंचित अडखळले. मग त्याने टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली, आणि मागे न पाहता तो चालू लागला.