सूर्याचं इथं काय काम?

“सूर्याचं इथं काय काम? हाकल त्याला!” बाई पलंगावरून ओरडल्या.

मी खडू धरून मख्खासारखी उभी. हिब्रूत म्हणे बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळातून फुटतात. श, म, र म्हणजे राखणं. मी फळ्यावर त्याचं घराणं मांडलं होतं. शोमेर म्हणजे पहारेकरी, मिश्मेरेत म्हणजे कामाची पाळी, शिमुरीम म्हणजे डब्यात टिकवलेलं अन्न. त्यांच्यात मी शेमेश, म्हणजे सूर्य, घुसवला होता.

“असू दे ना, बाई.”

“असू दे? तो वॉकर आण इकडे!”

आणि बाई तीन पावलं चालत आल्या आणि त्यांनी सूर्य पुसला. मी बघतच राहिले.

अडतीस वर्षं बाईंनी हिब्रू शिकवली होती. घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन हाड जुळलं, पण बाई उठायचं नाव घेईनात. व्यायाम शिकवायला आलेल्याची त्यांनी दोन दिवसांत बोळवण केली. मला त्यांना सांभाळायला ठेवलं होतं. रिकाम्या वेळी मी चार शब्द शिकायचे, तेवढीच त्यांची करमणूक. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं होतं, “ताई, मी महिनाअखेरीला येतो. तोवर आई आपली आपण चालली नाही, तर तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. माझा नाइलाज आहे.” माझं काम जाणार हे होतंच, पण काम दुसरीकडे मिळतं. बाईंचं घर एकदा सुटलं की सुटलं.

तो सूर्य मी खरोखरच चुकून लिहिला होता. पुढचे सगळे मुद्दाम. किल्लीच्या घराण्यात चमचा बसवला, पुस्तकाच्या घराण्यात मांजर. फळाही रोज थोडा लांब सरकवत गेले, आणि शेवटी तो बाहेरच्या खोलीत, बाईंच्या दारासमोर नेऊन लावला. बाई माझ्या अकलेचा उद्धार करत यायच्या.

मुलगा आला तो पलंगाशेजारी खुर्ची ओढूनच बसला.

“आई, जरा चालून दाखव बरं.”

“मी काय सर्कशीतला हत्ती आहे?”

झालं! मी घाईघाईने फळ्याकडे धावले. आदल्या दिवशीचा धडा सुचला तसा उतरवला. कावेद म्हणजे जड. कावोद म्हणजे सन्मान. कोल हाकावोद म्हणजे शाब्बास. बाईंनी सांगितलं होतं, “आपण नाही का म्हणत, अमक्याच्या शब्दाला वजन आहे? तेच हे.”

बाईंनी पलंगावरूनच दारातून फळा निरखला. “बरोबर आहे,” म्हणाल्या, आणि उशीला टेकल्या.

नेमकी आज मी चूक करायचीच विसरले होते! मुलाने सुस्कारा सोडला. “आई, मग आपण आता...”

बाईंनी वॉकर ओढला.

चौदा पावलं. मी श्वास रोखून मोजली. फळ्याशी येऊन त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवलं, एकेकापुढे बरोबरची खूण केली.

“आज चुकली नाहीस?”

“विसरले, बाई.”

“तरीच. मांजर पुस्तकात बसवणारी बाई एका रात्रीत शहाणी होते होय?”

“मी मुद्दाम चुकते हे तुम्हाला कळत होतं? मग उठायचात कशाला?”

“चूक फळ्यावर राहिली की मला चैन पडत नाही.”

“पण आज तर चूक नव्हती.”

“बरोबर लिहिलेलंही कुणीतरी तपासायला नको?”

माझ्या जिवात जीव आला. हसू आणि रडू एकदमच फुटलं. मुलगा खोलीतून धावत आला आणि त्याने बाईंच्या मागे खुर्ची ठेवली. “आई, बस आता. दमशील.”

“तू बस,” बाई म्हणाल्या. “मी कधी बसून शिकवलंय का?”

तो मुकाट्याने खुर्चीत बसला. बाईंनी एका हाताने वॉकर घट्ट धरला, दुसऱ्या हाताने फळा पुसला आणि नव्या शब्दाच्या मुळाची तीन अक्षरं लिहायला घेतली.